गाडी विकल्यावर हात बांधल्यासारखं का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहा वर्षं वापरलेल्या गाडीचं मोठं काम निघालं, म्हणून तीन महिन्यांपूर्वी तुम्ही ती विकली आणि नवी घ्यायची नाही असं ठरवलं. घरात तुम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीचा त्रास असलेली आई. ऑफिसला जाणं-येणं जमलंय. पण सुट्टीच्या दिवशी कुठं निघणंच होत नाही, हात बांधल्यासारखं वाटत राहतं आणि बायको म्हणतेय, परत गाडी घेऊ या. तुम्हाला विचारायचंय की याची सवय होते का, किती दिवसांत होते, आणि होणारच नसेल तर ते ओळखायचं कसं.

मी गेली १७ वर्षं लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याचं नियोजन करते. सुरुवातीला मोठ्या कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी केलं, नंतर गाडी सोडलेल्या किंवा सोडू पाहणाऱ्या घरांसाठी. आमच्या घरातली गाडी जाऊन १२ वर्षं झाली. त्यामुळे तुम्ही लिहिलेलं 'हात बांधल्यासारखं' मला अनोळखी नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट आधी पुढे आणते. प्रवास अडलाय असं तुम्ही कुठंच म्हटलेलं नाही. ऑफिस गाठता, मुलगी शाळेत जाते, सामान घरी येतं. गेलंय ते वेगळंच. पूर्वी किल्ली उचलली की निघता येत होतं. कधी निघायचं, कुठून चढायचं, परत कसं यायचं, पाऊस आला तर काय, हे काहीच ठरवावं लागत नव्हतं. आता प्रत्येक बाहेर पडण्याआधी पाच-सहा छोटे निर्णय घ्यावे लागतात आणि रविवारी सकाळी ते घ्यायची कोणाचीच तयारी नसते. म्हणून बेत होतो आणि विरतो. तुम्हाला परत मिळवायचंय ते हे विचार न करता निघणं. ते गाडीशिवाय मिळतं, पण आपोआप मिळत नाही. एकेका ठिकाणासाठी वेगळं तयार करावं लागतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या घराजवळून बस किंवा रेल्वे किती किती मिनिटांनी जाते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या कामात मी पहिला प्रश्न हाच विचारते. दर १० मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलात तरी सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. दर ३० मिनिटांनी असेल तर सरासरी १५, आणि एक चुकली की अर्धा तास. पहिल्या घरातला माणूस वाटेल तेव्हा निघतो, दुसऱ्या घरातला घड्याळ बघून जगतो. शिवाय थांबण्याचं एक मिनिट माणसाला बसमध्ये बसलेल्या मिनिटापेक्षा बरंच मोठं वाटतं. वाहतुकीचं नियोजन करणारे हिशोबात ते साधारण दीड ते दोन पट धरतात. दुसरी बाब म्हणजे चालण्याची वाट: थांब्यापर्यंत सलग पदपथ आहे का, रात्री उजेड असतो का. तिसरी, घरात कोणाची रात्रपाळी आहे का, कोणाला नियमित आणि अचानक दवाखान्यात न्यावं लागतं का. तुमच्या भागात दिवसातून चार-पाचच फेऱ्या असतील, शेवटची संध्याकाळीच जात असेल आणि टॅक्सीही मिळत नसेल, तर सवय होण्याची वाट बघू नका, गाडी घ्या. मी काही घरांना अगदी स्पष्टपणे हे सांगितलंय आणि त्यांचं त्यात भलंच झालंय. तुमचं ऑफिस जमलंय त्या अर्थी तुमची परिस्थिती इतकी वाईट नसावी, असं धरून पुढे लिहिते.

सवय किती दिवसांत होते? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज एक ठरावीक गोष्ट करणाऱ्या लोकांमध्ये ती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. लोक यातला ६६ हा आकडा लक्षात ठेवतात. मला त्यातला 'रोज' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. सवय कॅलेंडरवरच्या दिवसांनी पक्की होत नाही, तीच गोष्ट त्याच वेळी किती वेळा केली याने होते.

तुमच्या तीन महिन्यांकडे असं बघा. ऑफिसचा प्रवास तुम्ही साधारण ६५ वेळा केलाय, म्हणून तो जमला. रविवार आले १३, आणि त्यातल्या बहुतेक रविवारी तुम्ही घरातच होतात. आईला दवाखान्यात न्यायची वेळ कदाचित तीनदा आली असेल. म्हणजे रविवारच्या बाबतीत तुम्ही अजून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसावर आहात आणि दवाखान्याच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात. तीन महिने झाले तरी सवय होत नाही, असं तुम्हाला वाटतंय; पण खरं तर जिथं सराव झाला तिथं ती झालेली आहे. हे कळलं की पुढचं काम दिसतं: जे प्रवास क्वचित होतात, ते काही दिवस मुद्दाम जास्त वेळा करायचे.

रविवारसाठी मी घरांना एक अगदी सोपी गोष्ट करायला लावते. एकच ठिकाण निवडा, जिथं वाटेत बस किंवा रेल्वे बदलावी लागत नाही. बाग, नदीकाठ, वाचनालय, बहिणीचं घर, काहीही. लागोपाठ तीन रविवार तिथंच जा. पहिल्या वेळी सगळं नवं असतं. दुसऱ्या वेळी थांबा कुठे, पुढून चढायचं की मागून, मुलीला कुठं बसायला आवडतं, हे माहीत असतं. तिसऱ्या वेळी कोणी काही विचारत नाही, सगळे चपला घालून निघतात. मग दुसरं ठिकाण घ्या. चार महिन्यांत अशी चार-पाच ठिकाणं तुमच्या हातात येतात आणि रविवार पुन्हा रविवारसारखा वाटू लागतो. ठिकाण आधी ठरवून मग रस्ता शोधत बसू नका. तुमच्या थांब्यावरून सुटणारी बस सरळ कुठं कुठं जाते ते बघा आणि त्यातलं निवडा.

त्यात एक बारीक नियम जोडते, जो मला एका तीन मुलांच्या आईने शिकवला: जाताना बसने जायचं, परत येताना टॅक्सी करायची. माणसं थकतात ती परतीला. मूल पेंगतं ते परतीला, आईचे गुडघे बोलतात ते परतीला, सामानही परतीलाच असतं. आणि एका वाईट परतीची आठवण पुढचे चार रविवार घरी बसवते. परतीचं वाहन नक्की आहे हे माहीत असलं की सकाळी निघताना घरातली कुरबुर निम्म्याने कमी होते.

यावर बरेच जण म्हणतात, 'मग टॅक्सीचा खर्च?' इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण गाडी सोडलेली घरं सगळ्यात जास्त इथंच अडखळताना मी पाहिली आहेत. गाडी असताना तिचा खर्च दिसत नाही. हप्ता, विमा, दुरुस्ती, उभी करायची जागा आणि दरवर्षी उतरणारी किंमत, हे सगळं तुम्ही ती हलवली नाही तरी जातच असतं. त्यामुळे एखाद्या फेरीचा विचार करताना डोळ्यांपुढे फक्त इंधन येतं आणि फेरी जवळजवळ फुकट वाटते. टॅक्सीचं उलट आहे. तिचा सगळा खर्च उतरताना एकदम हातातून जातो. मग माणूस टॅक्सी टाळतो, मुलीला कडेवर घेऊन उन्हात उभा राहतो, चिडतो, आणि त्या चिडीत गाडीच्या जाहिराती बघू लागतो. म्हणून मी सांगते की गाडीवर महिन्याला सरासरी किती जात होतं ते जुन्या बिलांवरून काढा, किंमत उतरण्याचा वाटाही त्यात धरा. त्याच्या निम्मी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका आणि घरात सगळ्यांना सांगा की हे पैसे फक्त टॅक्सी, भाड्याची गाडी आणि घरपोच सामान यांसाठी आहेत. कोणी कोणाला विचारायचं नाही, कोणी कारण द्यायचं नाही. महिनाअखेरीला उरले तर पुढच्या महिन्यात. माझ्याकडे आलेल्या घरांपैकी ज्यांनी हे खातं उघडलं, त्यांच्यातली फार थोडी परत गाडीकडे वळली.

लांबच्या सहलीसाठी वर्षातून काही वेळा गाडी भाड्याने घेणं किंवा सामायिक गाडीच्या योजनेत नाव घालणं हेही याच खात्यातून करता येतं. ही कल्पना नवी नाही. झ्युरिकमध्ये १९४८ सालीच लोकांनी सहकारी तत्त्वावर एक गाडी मिळून वापरायला सुरुवात केली होती. गाडी लागणं आणि गाडी मालकीची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं.

आता वेळेबद्दल. तुम्ही लिहिलंय की बहिणीकडे जायला 'बसने दीड तास तरी लागेल'. तुम्ही एकदा तरी गेला आहात का? नसाल तर तो आकडा सोडून द्या. सातोशी फुजीई आणि सहकाऱ्यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी प्रत्येक घराला सांगते. जपानमध्ये ओसाका भागात एक द्रुतगती मार्ग ८ दिवस बंद ठेवला होता. रोज गाडीने जाणाऱ्यांपैकी काही जण त्या काळात बस आणि रेल्वेकडे वळले. आधी त्यांनी मनात धरलेला वेळ प्रत्यक्षात लागला त्यापेक्षा जास्त होता. ज्यांचा हा समज दुरुस्त झाला, त्यांच्यातले काही जण रस्ता खुला झाल्यावरही बस-रेल्वेने जात राहिले. आपण न केलेल्या प्रवासाबद्दल आपल्या मनात वाईटात वाईट आकडा असतो, आणि गाडीच्या प्रवासाबद्दल अगदी चांगल्या दिवसाचा. गाडीचा वेळ सांगताना जागा शोधण्यात गेलेली मिनिटं आणि तिथून चालत गेलेलं अंतर कोणी धरत नाही.

आणि रोज बस-रेल्वेने जाणाऱ्यांनाही आपला सगळ्यात चांगला मार्ग माहीत असतो असं नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला, काही स्थानकं बंद राहिली आणि लोकांना दुसऱ्या मार्गांनी जावं लागलं. शॉन लार्कम, फर्डिनांड राउख आणि टिम विलेम्स या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर प्रवासकार्डांच्या नोंदी तपासल्या. साधारण ५ टक्के लोक संप मिटल्यावरही नव्या मार्गालाच चिकटले, कारण तो त्यांना जास्त सोयीचा निघाला. वर्षानुवर्षं रोज जाणारी माणसं होती ती. म्हणून ऑफिसचा मार्ग जमला असला, तरी एखाद्या निवांत दिवशी दुसरा करून बघा. एक थांबा आधी उतरून चाला. कधी कधी तिथं गर्दी नसते, कधी वाटेत भाजी मिळते, आणि मग तोच तुमचा मार्ग होतो.

चालण्याचा हिशोब करताना मात्र मुलीचा वेग धरा. मोठा माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ४०० मीटरवरचा थांबा ५ मिनिटांवर. हातात पिशवी आणि सोबत आठ वर्षांचं मूल असेल तर मी मिनिटाला ५० मीटरच धरते. तेच अंतर ८ मिनिटांचं होतं. घरातून निघताना होणारी ओढाताण, 'चल लवकर, बस जाईल', ही बहुतेक वेळा या तीन मिनिटांची असते.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गाडी हे वाहन होतं तसंच ते एक कपाटही होतं. छत्री, पाण्याची बाटली, मुलीचा जादा सदरा, आईची शाल, परत करायची पुस्तकं, सगळं डिकीत पडून असायचं. मी एका घराला चौदा दिवस वही ठेवायला सांगितली होती, बाहेर पडताना काय अडलं ते लिहायचं. चौदापैकी नऊ नोंदी प्रवासाच्या नव्हत्याच, सामानाच्या होत्या: छत्री सापडेना, पिशवी आणली नाही, मुलाला भूक लागली. त्या घरात आम्ही दाराजवळ एक खुंटी आणि एक पाठीवरची पिशवी कायमची ठेवली. छत्री, पाणी, सुका खाऊ, दुमडणारी पिशवी, फोनचा चार्जर, सुटे पैसे, प्रवासकार्ड. बाहेरून आल्यावर ती पुन्हा भरून तिथंच अडकवायची, हे काम मुलाकडे दिलं. पूर्वी जिथं किल्ली असायची तिथं आता ती पिशवी असते आणि तीच निघण्याची खूण झाली आहे. तुमच्या मुलीच्या वयाला हे काम छान जमेल, आणि ती ते मनापासून करेल.

अंतराबद्दलही एक म्हणणं आहे. सेझारे मार्केट्टी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की माणसं कुठल्याही काळात रोजच्या प्रवासाला साधारण एक तास देतात. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, माणूस तेवढं लांब जाऊ लागतो. गाडी गेल्यावर हेच उलट करायचं असतं. तुमचा दातांचा डॉक्टर, मुलीचा गाण्याचा क्लास, वाण्याचं दुकान, ही ठिकाणं तुम्ही गाडी असताना निवडली होती. त्यातल्या प्रत्येक ठिकाणी बसने कसं पोचायचं हे सोडवत बसण्याऐवजी दोन-तीन ठिकाणं जवळची शोधा. हे एकदाच करायचं काम आहे. विश्वासातला डॉक्टर असेल तर तो मात्र बदलू नका, तिथं टॅक्सीने जा.

आता आई. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलंय की 'ती काही तक्रार करत नाही'. हे वाचून मला काळजी वाटली. गाडी गेल्यावर वयस्कर माणसं तक्रार करत नाहीत, बाहेर जाणं सोडून देतात. 'आज नको, पाय दुखतोय', 'फोनवर बोलले मी तिच्याशी', असं म्हणत एकेक ठिकाण गळत जातं आणि आपल्याला वाटतं, बरं चाललंय. माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. त्यांच्या मैत्रिणींची दर बुधवारची बैठक होती. आम्ही गाडी विकली आणि चार महिन्यांनी मला कळलं की त्या एकदाही गेल्या नव्हत्या. टॅक्सीसाठी आमच्याकडे पैसे मागायचे आणि वर कोणाला तरी सोबत घ्यायचं, हे त्यांना नको होतं. मग आम्ही एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याशी ठरवलं: बुधवारी साडेतीनला येईल, सहाला परत आणेल, पैसे महिन्याने आम्ही देऊ. त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. पुढच्याच बुधवारी त्या तयार होऊन दारात उभ्या होत्या. तुमच्या आईला सरळ विचारा: गाडी असताना तू कुठं कुठं जात होतीस आणि आता कुठं जात नाहीस? यादी लिहून घ्या. त्या यादीतल्या प्रत्येक ठिकाणासाठी ठरलेला दिवस आणि ठरलेलं वाहन हवं. बसने नेणार असाल तर थांब्यावर बसायला बाक आहे का, हे आधी जाऊन बघा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बराच वेळ उभं राहणं जड जातं.

तुमच्या बायकोच्या म्हणण्याबद्दलही. तिला समजावण्याआधी एक तपासा: गाडी गेल्यावर कोणाचं काम वाढलं? तुमचा प्रवास सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तोही मोकळ्या हातांनी. बाजार, मुलीचा क्लास, आईचं औषध या दुपारच्या छोट्या, तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्या कोण करतंय? बहुतेक घरांत त्या एकाच माणसाच्या अंगावर पडतात आणि परत गाडी घेऊ असं म्हणणारंही तेच माणूस असतं. ती गाडी मागत असेल, पण तिला हवा असलेला आराम कदाचित क्लासची ने-आण तुम्ही घेतल्यानेही मिळेल. जड सामान घरपोच मागवा, बाकीच्यासाठी चाकांची पिशवी आणा. एक आठवडा तिच्या सगळ्या फेऱ्या तुम्ही करून बघा. मग दोघांनी बसून बोला.

होणारच नसेल तर कसं ओळखायचं, हे तुम्ही विचारलंय. आजपासून तीन महिन्यांनंतरची एक तारीख ठरवा आणि तोपर्यंत गाडीचा विषय बाजूला ठेवा, पण बाहेर पडताना काय अडलं ते एका वहीत लिहीत जा. विशेषतः मुसळधार पावसात भिजून आलेल्या संध्याकाळी निर्णय नको. ठरलेल्या तारखेला वही उघडून बघा. वरचं सगळं करूनही आईची ठिकाणं कमीच राहिली असतील, किंवा टॅक्सी, भाड्याची गाडी आणि घरपोच सामान यांचा खर्च दर महिन्याला गाडीच्या पूर्वीच्या खर्चाच्याही वर जात असेल, किंवा दोघांपैकी एकाची रोजची झोप प्रवासामुळे कमी झाली असेल, तर गाडी घ्या. घेताना त्या वहीत अडलेल्या फेऱ्या किती आणि कसल्या आहेत ते बघा. आठवड्यातून दोनच असतील तर शेजाऱ्यांबरोबर मिळून एक गाडी ठेवण्याचाही विचार होऊ शकतो.

या आठवड्यात एवढंच करा: आईची यादी आणि बायकोच्या फेऱ्यांची नोंद. दोन्ही मला लिहून कळवा, सोबत तुमच्या थांब्यावरून बस किती मिनिटांनी सुटतात तेही. म्हणजे पहिल्या तीन रविवारांसाठी ठिकाण आपण मिळून ठरवू.